आगत आणि अनागत : कंदलमाचे हॉटेल व लेण्याची परंपरा

पर्यटन-व्यवसायात गेल्या काही दशकांत ‘बुटिक हॉटेल’ नावाचा एक प्रकार रूढ झाला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली सुरू झालेले मॉर्गन्स हे त्याचे आरंभीचे उदाहरण मानले जाते. मोठ्या साखळी-हॉटेलांच्या एकसाची खोल्यांना कंटाळलेल्या श्रीमंत प्रवाशाला वास्तुशिल्पीच्या हातची, ‘स्थळाशी नाते सांगणारी’ वास्तू हवी असते, हे व्यापाऱ्यांनी ओळखले. पुढे हा प्रकार आशियात आला आणि त्याला दोन शब्द कायमचे चिकटले : निसर्ग आणि परंपरा. या विषयाशी बौद्ध अध्ययनाच्या नियतकालिकाचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा की, आशियात जेथे जेथे या हॉटेलांनी ‘परंपरा’ शोधली, तेथे पुष्कळदा त्यांना बौद्ध स्थापत्यच सापडले. ते त्यांनी कसे वापरले, हे पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

या प्रकारातील सर्वांत उत्तम वास्तू आम्ही विचारासाठी निवडली आहे. सामान्य उदाहरण घेऊन टीका करणे फार सोपे असते. श्रीलंकेतील कंदलमा तलावाच्या काठचे हे हॉटेल जेफ्री बावा (१९१९–२००३) यांनी रचले आणि ते १९९४ साली सुरू झाले. दीडशेच्या वर खोल्या असल्यामुळे त्याला काटेकोरपणे ‘बुटिक’ म्हणता येणार नाही. परंतु नंतरच्या लहान हॉटेलांनी ज्याचे अनुकरण केले, तो नमुना हाच.

बावा हे मूळचे बॅरिस्टर. वास्तुशास्त्राची पदवी त्यांनी १९५७ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी लंडनमध्ये घेतली. बेंटोटा येथील समुद्रकाठचे हॉटेल (१९६९) आणि कोट्टे येथील श्रीलंकेचे संसदभवन (१९८२) ही त्यांची ख्यातकीर्त कामे. २००१ साली आगाखान पुरस्कार-योजनेतील अध्यक्षीय पुरस्कार देऊन त्यांचा गौरव झाला. १९९१ साली एका मोठ्या कंपनीने त्यांना हॉटेलचे काम दिले, तेव्हा ठरविलेली जागा सिगिरियाच्या प्रसिद्ध खडकाच्या अगदी पायथ्याशी होती. ती बावा यांनी नाकारली. अनेक किलोमीटर दक्षिणेकडे, कंदलमा या प्राचीन तलावाच्या काठावरचा कडा त्यांनी सुचविला. तेथून सिगिरिया दिसतो, पण दूर क्षितिजावर, पाण्यापलीकडे. वास्तुशिल्पीने काय बांधले यापेक्षा कोठे बांधण्यास नकार दिला, यावरून त्याची पारख करावी असे आमचे मत आहे. त्या दृष्टीने या कामाचा आरंभ निःसंशय चांगला होता.

इमारत कड्याला बिलगून सुमारे एक किलोमीटर पसरलेली आहे. येणाऱ्याला ती आधी दिसतच नाही. चढणीचा रस्ता, गुहेच्या तोंडासारखे प्रवेशद्वार, मग खडकाच्या बाजूने जाणारी अरुंद वाट, आणि ती संपताच एकाएकी उघडे पडणारे पाणी. मधले खडक फोडले नाहीत, त्यांच्याभोवती जमीन घातली. आतल्या दालनात अस्सल खडक भिंतीतून डोकावतो. चौकट साध्या काँक्रीटची, छपरे सपाट व त्यांवर माती आणि झाडे. दर्शनी बाजूस लाकडी पट्ट्यांच्या जाळ्या लावून त्यांवर वेली चढविल्या, त्यामुळे काही वर्षांतच इमारत पानांखाली गेली. बराचसा भाग खांबांवर उचललेला असल्याने कड्यावरून येणारे पावसाचे पाणी खालून वाहून जाते. सजावट जवळजवळ नाही; जिन्यावर लकी सेनानायक यांनी घडविलेले एक प्रचंड घुबड पंख पसरून आहे, तेवढेच. २००० साली या हॉटेलास अमेरिकेतील हरित इमारतींच्या ‘लीड’ पद्धतीचे प्रमाणपत्र मिळाले, आणि तो मान मिळविणारे ते अमेरिकेबाहेरील पहिल्या हॉटेलांपैकी एक होते.

डेव्हिड रॉबसन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या बृहद्ग्रंथापासून आजपर्यंत कंदलमाविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्या लेखनाचा सूर बहुधा एकच : वास्तू निसर्गात विरून गेली. हे खरे आहे. परंतु विरून जाण्याची ही विद्या कोठून आली, हा प्रश्न बहुतेक टीकाकार ‘स्थानिक परंपरा’ या दोन शब्दांत आटोपतात. आमच्या वाचकांना ते पुरेसे वाटू नये.

हॉटेलपासून जवळच दांबुल्ल्याचे लेणे आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात राजा वट्टगामणी अभय याने तेथे आश्रय घेतला होता, अशी परंपरा सांगते. या लेण्याच्या कपाळपट्टीवर, तसेच मिहिंतले, वेस्सगिरी आणि श्रीलंकेतील इतर शेकडो ठिकाणी, खडकाच्या वरच्या ओठावर एक आडवी खाच कोरलेली दिसते. तिला सिंहलीत ‘कटार’ म्हणतात. कड्यावरून ओघळणारे पाणी त्या खाचेशी अडून खाली ठिबकते, आत शिरत नाही. नैसर्गिक कपारीचे वासस्थान करण्यासाठी एवढी एक रेघ पुरली. कित्येक ठिकाणी त्या रेघेच्या खाली ब्राह्मी अक्षरांत दात्याचे नाव आहे. सिगिरियाच्या पायथ्यालाही अशा खाचांच्या आणि अशा लेखांच्या गुहा आहेत. म्हणजे पाचव्या शतकात कश्यप राजाने त्या खडकावर आपला विलासी प्रासाद चढविला, त्याच्या कित्येक शतके आधी तेथे भिक्खू राहत होते. आणि कश्यपाच्या पाडावानंतर तो खडक पुन्हा संघाकडे गेला. पर्यटकाला सिगिरिया म्हटले की सिंहाचे पंजे आणि भित्तिचित्रांतील स्त्रिया आठवतात. खाच कोणी दाखवीत नाही.

बावा यांना ती खाच ठाऊक होती, याबद्दल आम्हांस शंका नाही. कंदलमा हे मुळात एक लांबलचक लेणेच आहे : कड्याला टेकलेले, पाण्याला वाट देणारे, अलंकाराला नकार देणारे. या बेटावरील अरण्यविहारांची परंपरा कठोर होती. रितिगल येथील पांसुकूलिक भिक्खूंच्या निवासात जोडचौथरे, दगडी पायवाटा आणि पुष्करणी आहेत, परंतु कोरीव काम नाही. कोरीव काम आढळते ते मूत्रविसर्जनाच्या शिळांवर! राजाश्रयाने सजलेल्या नगरविहारांवरची ही टीका असावी, असे काही अभ्यासक मानतात. चिंध्यांची चीवरे नेसणाऱ्यांचा हा विनोद आम्हांस तरी फार आवडला.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. वास्तूचे निसर्गाशी नाते कसे असावे, याविषयी विनयपिटकात एक निश्चित विचार आहे. तो सौंदर्यशास्त्राच्या भाषेत नाही, नियमांच्या भाषेत आहे, म्हणून तो दुर्लक्षित राहिला. धनिय नावाचा भिक्खू कुंभाराचा मुलगा होता. राजगृहाजवळ त्याने गवताची कुटी बांधली. तो भिक्षेला गेला की गवत-लाकूड गोळा करणाऱ्या स्त्रिया ती मोडून नेत. तीनदा असे झाल्यावर त्याने आपल्या पिढीजात कसबाचा उपयोग केला. संपूर्ण मातीची कुटी घडविली, आणि गवत, लाकूड, शेण रचून ती अखंड भाजली. कुटी लाल झाली, देखणी झाली, टकटक केले तर घंटेसारखी वाजू लागली. गृध्रकूटावरून उतरताना तथागतांच्या दृष्टीस ती पडली. त्यांनी धनियाला दोष दिला आणि ती मोडावयास लावली. भाजण्याच्या आगीत असंख्य जीव मेले असतील, त्यांच्याविषयी करुणा नव्हती, हे कारण. येथे कुंभाराच्या कसबाचा अधिक्षेप नाही, हे लक्षात घ्यावे. कुटी स्थानिक मातीची होती, परिसराशी जुळणारी होती, सुंदर होती. आजच्या कोणत्याही वास्तुविषयक मासिकाने तिचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापले असते. तरीही ती मोडली गेली, कारण तपासणी दिसण्याची नव्हती, घडण्याची होती.

दुसरी कथा छन्नाची. कौशांबीस विहारासाठी जागा साफ करताना त्याने एक झाड तोडले, आणि ते झाड गावोगावच्या लोकांना पूज्य होते. लोकांनी गवगवा केला. त्यातून नियम झाला : मोठा विहार बांधावयाचा असल्यास आधी इतर भिक्खूंना जागा दाखवून त्यांची संमती घ्यावी; जागा निरुपद्रवी असावी आणि तिच्याभोवती मोकळे अंतर असावे. निरुपद्रवी म्हणजे काय, हे सांगताना मुंग्या, वाळवी, उंदीर, साप, विंचू यांच्या वसतिस्थानांपासून हत्ती-सिंहांच्या वावरापर्यंत यादी दिली आहे. मोकळे अंतर किती? बैल जुंपलेली गाडी भोवती फिरू शकेल इतके. झाडात जीव आहे की नाही या वादात न पडताही, ते झाड ज्यांचे होते त्या लोकांची तक्रार ग्राह्य धरली गेली, ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते.

कंदलमाच्या बाबतीत असाच गवगवा झाला होता. १९९२ साली दांबुल्ला विहाराचे प्रमुख इनामलुवे सुमंगल स्थविर यांच्या पुढाकाराने हॉटेलला तीव्र विरोध झाला. सांडपाण्याने तलाव नासेल, त्यावर शेती करणाऱ्या गावांचे पाणी दूषित होईल, जंगल तुटेल, पवित्र स्थळाच्या शेजारी मद्यपान व चैन येईल, असे आक्षेप होते. हॉटेल झालेच. वास्तुविषयक लेखनात या आंदोलनाला बहुधा एक-दोन परिच्छेदांची जागा मिळते आणि अज्ञ लोकांचा गैरसमज अशी त्याची बोळवण होते. आम्हांस ते मान्य नाही. तलाव नासला नाही, झाडी वाढली, हे विरोधकांच्या भीतीला मिळालेले उत्तर आहे, हे आम्ही स्वीकारतो. परंतु हजारो डोळे ज्या बांधकामावर रोखलेले असतात, ते सांडपाण्याविषयी अधिक दक्ष राहते, हेही व्यवहारज्ञान आहे. हॉटेलला पुढे जी हरित कीर्ती लाभली, तिच्या श्रेयाचा काही वाटा त्या गावकऱ्यांचा आणि भिक्खूंचा आहे, असे आम्ही मानतो. प्रमाणपत्रावर अर्थातच त्यांचे नाव नाही.

विरोधकांचे नेतृत्वही एकरंगी नव्हते, आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. श्रीलंकेतील सियाम निकायाची उपसंपदा अठराव्या शतकापासून गोविगम या एकाच जातीपुरती राखून ठेवण्यात आली. १९८५ साली दांबुल्ल्यास सुमंगल स्थविरांनी ही जातीची अट झुगारून उपसंपदा दिली. १९९८ साली त्याच ठिकाणी भिक्खुणी-उपसंपदेचे पुनरुज्जीवन झाले. जातीची भिंत आणि स्त्रियांची बंदी या दोहोंवर आघात करणारे हे स्थविर. आणि २०१२ साली दांबुल्ल्यातील मशिदीविरुद्ध जो जमाव गेला, त्याचे नेतृत्वही त्यांचेच. हा दुसरा प्रकार धम्माला लांच्छन आणणारा होता. ‘पवित्र परिसर’ ही भाषा तलाव वाचविण्यासाठी वापरता येते तशी शेजाऱ्याला हुसकण्यासाठीही वापरता येते. म्हणून जागेविषयीचा निर्णय पावित्र्यावर न सोपविता, विनयाप्रमाणे उपद्रव कोणाला होतो यावर सोपविणे आम्ही इष्ट समजतो.

जागा आणि उपद्रव या दोन कसोट्यांवर कंदलमा बव्हंशी उतरते. तिसऱ्या कसोटीवर ते उतरत नाही, आणि उतरूही शकत नाही.

चुल्लवग्गात राजगृहाच्या श्रेष्ठीची कथा आहे. भिक्खू झाडाखाली, कपारीत, उघड्यावर राहतात हे पाहून त्याने परवानगी मागितली आणि एका दिवसात साठ निवास उभे केले. ते कोणाच्या स्वाधीन करू, असे विचारता तथागतांनी सांगितले की, चारी दिशांच्या संघाला, आलेल्या व अद्याप न आलेल्या सर्वांना, ते द्यावेत. ‘आगत-अनागत’ हे शब्द पुढे सिंहली कटारांखालच्या ब्राह्मी लेखांत पुनःपुन्हा येतात. आमच्या महाराष्ट्रातही त्याचा पडसाद आहे : नाशिकच्या दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख ते लेणे चातुर्दिश भिक्षुसंघाला देतो, आणि त्याच्या खर्चासाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण व्याजाने ठेवतो. लेण्यालाही पैसा लागत होता; त्याविषयी भाबडेपणा नको. भेद पैशाचा नाही, उंबरठ्याचा आहे. ‘लेण’ या पाली शब्दाचा अर्थच आश्रय. ज्याने आपले नाव कोरले, त्याने ते आपल्यासाठी राखले नाही. ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते, त्या पुढच्या पावसाळ्यातील वाटसरू भिक्खूसाठी ते मोकळे ठेवले.

हॉटेलने लेण्याची खाच घेतली, वाट घेतली, अंधार-उजेडाचा खेळ घेतला, अलंकाराचा त्याग घेतला. ‘अनागत’ मात्र त्याला घेता आला नाही. तेथे न आलेला म्हणजे ज्याने आगाऊ पैसे भरले नाहीत तो. यात बावा यांचा दोष काढण्याचे कारण नाही. हॉटेल हे हॉटेल आहे. दोष त्या टीकेचा आहे, जी या वास्तूला ‘परंपरेचे सातत्य’ म्हणते. रूप चालत आले, दान चालत आले नाही. याला सातत्य कसे म्हणावे?

‘परंपरा’ हा शब्द आम्हांस एरवीही सावधच करतो. कोणाची परंपरा, हे आधी विचारण्याची सवय आम्हांस बाबासाहेबांनी लावली. श्रीलंकेच्या डोंगराळ भागात मळेवाल्या साहेबांचे जुने बंगले आज महागडी विश्रामस्थाने झाले आहेत. कंदपोला येथे बंद पडलेला चहाचा कारखाना १९९६ साली यंत्रांसह जतन करून हॉटेल करण्यात आला. काम कौशल्याचे आहे. पाहुण्यांना चहाची पाने खुडण्याचा अनुभवही घेता येतो. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ती पाने ज्यांनी खुडली, ते तमिळ मजूर बहुतांशी अस्पृश्य व तत्सम जातींतून तेथे नेलेले होते. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील बहुसंख्यांना देशहीन केले. त्यांच्या राहण्याच्या चाळींना मळ्यात ‘लाइन’ म्हणतात; एका कुटुंबाला एक कोंदट खोली, असा तिचा नमुना. बंगला वारसा ठरला, कारखाना वारसा ठरला. लाइनचे जतन करावे असे कोणा वास्तुशिल्पीला सुचले नाही, आणि तेथे राहणाऱ्यांना तर ती पाडून घर हवे आहे. दोघांच्या न सुचण्यात आणि नको असण्यात केवढे अंतर आहे!

जावा बेटावरील उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण ते फार विचाराला पात्र नाही. बोरोबुदुरच्या समोर १९९७ साली अमनजिवो नावाचे अतिमहाग हॉटेल उघडले. त्याचा आराखडा वर्तुळाकार, मध्यभागी स्तूपासारखा घुमट, अक्ष थेट बोरोबुदुरकडे रोखलेला. स्तूप ही प्रदक्षिणेची, अस्थींची, स्मृतीची वास्तू. तिच्या आकाराखाली स्वागतकक्ष मांडणे ही कल्पनाशक्तीची नव्हे, संवेदनेची उणीव आहे. कंदलमाने लेण्याची रीत उचलली. येथे नुसता आकार उचलला. आणि ज्या हिरव्या विस्तारापलीकडे बोरोबुदुर इतका शांत दिसतो, त्यासाठी १९८० च्या सुमारास पायथ्याची वस्ती हलविण्यात आली होती.

बावा यांच्याविषयी अखेरचा शब्द हॉटेलवर ठेवणे अन्यायाचे होईल. कंदलमाच्या दीड दशक आधी, १९७६ ते १९७८ या काळात, त्यांनी कोलंबोच्या बेइरा तलावात गंगारामय विहारासाठी सीमा मालक बांधले. सीमा म्हणजे उपसंपदादी विनयकर्मांसाठी निश्चित केलेले क्षेत्र. पाण्यावर तीन चौथरे, त्यांना जोडणारे पूल, मधल्या चौथऱ्यावर लाकडी पट्ट्यांच्या भिंतींची आणि उतरत्या छपराची एक साधी शाळा, बाजूस बोधिवृक्ष. रितिगलचे जोडचौथरे येथे पाण्यावर आले आहेत. खर्च एका मुस्लिम कुटुंबाने आपल्या दिवंगत मुलाच्या स्मृतीसाठी केला. एका चौथऱ्याच्या कोपऱ्यांवर शिव, विष्णू, गणेश आणि कतरगम यांची लहान देवळे आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या वाचकांस ती खटकतील, आम्हांसही खटकतात. तरीही त्याच वास्तुशिल्पीच्या हातून त्याच परंपरेचे दुसऱ्या प्रकारे काय होऊ शकते, ते येथे दिसते. येथे रूपाबरोबर दानही आले.

आमच्याकडील विहार-बांधणी समित्यांनी या छोट्या वास्तूचा आराखडा मागवून अवश्य पाहावा. समितीकडे पैसा अल्प असतो, तो वर्गणीतून आलेला असतो, आणि त्याचा मोठा भाग दर्शनी कमान, चकाकणारी फरशी व घुमट यांवर जातो. वर सपाट स्लॅब. कोकणात आणि घाटमाथ्यावर दोन-तीन पावसाळ्यांत तो गळू लागतो; मग घुमटाशेजारी पत्र्याची शेड चढते आणि वर्षावासातील प्रवचन पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात बुडून जाते. स्लॅबच्या कडेला पाणी तोडणारी एक खाच खालच्या अंगाने ठेवावयास गवंड्याला अर्धा दिवस लागतो आणि वेगळा खर्च जवळजवळ नाही. कान्हेरीच्या डोंगरातील लेणी खोदणाऱ्यांनी पन्हाळी आणि पोढ्या कोरून पावसाचा थेंब न्‌ थेंब वळविला होता. आपल्या वस्तीतील विहाराला निदान एक पन्हाळ, भोवती गाडी फिरेल एवढी मोकळी जागा, आणि बाहेरगावाहून रात्री-अपरात्री येणाऱ्या अनोळखी उपासकाला पथारी टाकता येईल अशी एक खोली, इतके नकाशात आधी धरावे. घुमटाचे नंतर पाहता येईल.